अ गट, ब गट

परळच्या बाजूला महापालिकेच्या एका इमारतीत संध्याकाळी रात्रशाळा भरते. तिथं मी दहावीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. डीएड, बीएड असलं काही माझ्याकडे नाही. सगळी नोकरी टेलिफोनमध्ये झाली. आधी ट्रंक बुकिंग, मग १९७ म्हणजे नंबरांची चौकशी, शेवटी बिलं. २०२० च्या जानेवारीअखेर एमटीएनएलच्या हजारो लोकांबरोबर मीही स्वेच्छानिवृत्ती घेतली. लगेच करोना आला. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा ओळखीच्या एका मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, इंग्रजीला कुणी टिकत नाही, संध्याकाळची येशील का. घरी बसून मालिका बघण्यापेक्षा बरं, म्हणून गेले.

इमारत दिवसा लहान मुलांची. बाकं त्यांच्या मापाची. त्या बाकांत गुडघे दुमडून बसतात त्यांत एका सोसायटीचे वॉचमन काका आहेत, लालबागला ब्लाउज शिवणारी ताई आहे, धुणीभांडी करणाऱ्या दोघी जावा आहेत, चहाच्या टपरीवरचा पोरगा आहे, कुरिअरवाले आहेत. भिंतीवर जोतीराव-सावित्रीबाईंची तसबीर. त्यांनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली ती १८५५ साली, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाला जांभई न येऊ देता शिकवायचं कसं हा प्रश्न तेव्हा असेल तसाच आजही आहे.

माझे वडीलही रात्रशाळेतच शिकले. मिलमध्ये जॉबर होते. त्यांच्या वेळी इंग्रजी आठवीपासून होतं. त्यांच्याकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, पुठ्ठा निघालेली. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी. इंग्रजी वाक्य, त्याचं मराठी. वाक्य कसं, अख्खं समोर. माझ्या वेळेपर्यंत इंग्रजी पाचवीत आलं होतं, आणि २००० सालापासून ते पहिलीतच येऊन बसलंय. पण मला इंग्रजी आलं ते शाळेत नाही, एक्स्चेंजमध्ये आलं, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. ‘होल्ड द लाइन’, ‘नो रिप्लाय’, ‘युवर कॉल इज थ्रू’. मशीन बोलायचं तेसुद्धा तुकड्यांत, ‘ऑल लाइन्स इन धिस रूट आर बिझी’. समोरून साहेबी आवाजात कुणी काही विचारलं की डोक्यातल्या तयार तुकड्यांतला एक पुढं, एक मागं लावायचा. व्याकरण विचारलं असतं तर एकीलाही सांगता आलं नसतं. पण कुठल्या तुकड्यामागं कुठला तुकडा येतो आणि कुठला येत नाही, हे आम्हां सगळ्याजणींच्या कानात पक्कं बसलं होतं.

म्हणून वर्गावर गेले तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून मी जोड्यांपासून सुरुवात केली. अर्धं वाक्य ‘अ’ गटात, उरलेलं अर्धं ‘ब’ गटात, जुळवा. मुलांनाही हा प्रश्न आवडतो. कारण उघड आहे, स्पेलिंग लिहावं लागत नाही. नुसता आकडा आणि अक्षर. दहावीला तीन भाषांत मिळून १०५ गुण आणि प्रत्येक भाषेत किमान २५ पडले की भाषांचा गट सुटतो. इंग्रजीच्या त्या २५ साठी माझ्या वर्गातली माणसं एकेक गुण पैशासारखी मोजतात. मराठीत चाळीस-पन्नास काढू, हिंदी सिनेमाच्या जोरावर निघेल, इंग्रजीत पंचवीस मिळवून द्या, असा त्यांचा हिशेब असतो, आणि तो चुकीचा नाही.

पट्ट्या मी लग्नपत्रिकांच्या करते. पत्रिकेचा कागद जाड असतो, मागची बाजू कोरी असते, आणि आमच्या चाळीत दिवाळीनंतर पत्रिकांचा ढीग येतो. जोड्या लावायला लग्नपत्रिका, यावर शाळेचे शिपाई दरवर्षी तोच विनोद करतात. पट्टीवर काळ्या स्केचपेननं मोठ्या अक्षरांत अर्धं वाक्य लिहायचं, एका बाकावर आठ-दहा पट्ट्या टाकायच्या आणि बाजूला व्हायचं. कागदावर रेघा मारायला दिल्या की माणसं एकटी एकटी बसून रेघा मारतात. पट्ट्या टाकल्या की भांडतात. भांडताना झोप येत नाही.

बाजारात गाइडं असतात, त्यांत अशा जोड्यांची पानंच्या पानं असतात. अशाच एका पानावर ‘अ’ गटात माय फादर, माय मदर, द वॉचमन, द सन असं होतं. ‘ब’ गटात कुक्स फूड, गोज टु ऑफिस, राइजेस इन द ईस्ट, गार्ड्स द बिल्डिंग. धुणीभांडी करणाऱ्या दोघींतल्या धाकटीनं ‘माय मदर’पुढं ‘गोज टु ऑफिस’ लावलं. उत्तरसूचीप्रमाणे चूक, कारण सूचीत आई स्वयंपाक करते आणि वडील ऑफिसात जातात. मी म्हटलं, सूचीत असं नाही. ती म्हणाली, “माझी आई नरिमन पॉइंटला पहाटे ऑफिसं झाडायला जायची. साहेब यायच्या आधी ऑफिसात तीच असायची. आणि जेवण बाबा करायचे, रात्रपाळी नसली की.” व्याकरणाच्या दृष्टीनं तिचं वाक्य पक्कं होतं. माय मदर गोज टु ऑफिस, काय चुकलं त्यात?

मला विचाराल तर चूक प्रश्नात आहे. जोडी जुळायला दोन धागे लागतात, एक अर्थाचा आणि एक व्याकरणाचा. नुसत्या अर्थावर सोडलं तर उत्तर इंग्रजीचं राहत नाही, ज्यानं प्रश्न काढला त्याच्या घरातल्या रीतीचं होतं. तेच ‘गोज टु हर ऑफिस’ आणि ‘कुक्स इन हिज कँटीन’ असं लिहिलं असतं तर ‘हर’ आणि ‘हिज’नी जोडी बांधून टाकली असती. कुणाची आई काय करते याच्याशी प्रश्नाला देणंघेणं उरलं नसतं, आणि शिकायचं तेही शिकून झालं असतं.

तेव्हापासून मी गाइडातल्या जोड्या घेत नाही. स्वतः वाक्यं लिहिते आणि स्वतः तोडते. जोड्या लावण्यातली सगळी अक्कल वाक्य कुठं तोडायचं यात असते, हे हळूहळू कळत गेलं.

एक वाक्य घ्या. ‘द मॅन हू वर्क्स विथ माय ब्रदर्स लिव्हज इन विरार.’ हे ‘द मॅन’नंतर तोडलं तर ‘हू’नं सुरू होणारा तुकडा शोधायचा, बस. पहिल्या बाकावरचा मुलगा मान वर न करता लावतो. ‘वर्क्स’नंतर तोडलं तर कशाबरोबर, कुणाबरोबर, असं अर्थावरून शोधतात. पण ‘ब्रदर्स’नंतर तोडा आणि ‘ब’ गटात दोन पट्ट्या ठेवा, ‘लिव्ह इन विरार’ आणि ‘लिव्हज इन विरार’. अख्खा वर्ग ‘लिव्ह’कडे जातो. कारण तुकड्याच्या टोकाला ‘ब्रदर्स’ आहे, ते अनेक आहेत, आणि डोळा टोकाकडेच बघतो. विरारला राहणारा माणूस एकटाच, तो तिकडं वाक्याच्या तोंडाशी बसलाय, ‘ज’ त्याचा आहे, हे बघायला मान मागं वळवावी लागते. एकच वाक्य, एकाच कात्रीनं कापलेलं, पण कात्री चार बोटं इकडं-तिकडं सरकली की वेगळाच धडा होतो.

हे मी सांगत होते तेव्हा शिवणकाम करणाऱ्या ताई मध्येच म्हणाल्या, “चौकड्याच्या कापडाचं असंच असतं बाई. बेतताना खांद्यावरची रेघ जुळवून घ्यायची. नंतर शिवण कितीही बारीक घाला, दिसतं ते दिसतंच.” मी त्यांना पट्ट्या बेतायला बसवलं. आता त्या मला सांगतात, हे वाक्य इथं नका कापू, सोपं होईल.

या ‘एस’नं मात्र आमचा जीव काढलाय. कुठल्याशा शाळेत कधीतरी कुणीतरी शिकवून ठेवलंय की एका वाक्यात एकच ‘एस’ राहतो. कर्त्याला असेल तर क्रियापदाला नाही, कर्त्याला नसेल तर क्रियापदाला. ‘द बॉय प्लेज’, ‘द बॉइज प्ले’. युक्ती झकास आहे. दहातल्या आठ जोड्या तिच्यावर निघतात. चहाच्या टपरीवरचा पोरगा या युक्तीवर इतका खूश की पट्ट्यांवर काय लिहिलंय हे वाचतही नसे, फक्त शेवटची अक्षरं बघून फटाफट लावायचा. मग मी त्याच्यापुढं ‘द चिल्ड्रेन’ टाकली. त्यानं शेवटचं अक्षर बघितलं, ‘एस’ नाही, झटक्यात ‘प्लेज इन द लेन’ लावून मोकळा.

“किती मुलं?” मी विचारलं.

“पुष्कळ.”

“मग?”

“पण ह्याला एस कुठंय? एस तर ठेवायला पायजे ना कुठंतरी.”

त्याचं तर्कशास्त्र बिनचूक होतं. मग ‘द बॉस’ टाकली. तिच्या टोकाला तर दोन-दोन एस. “आता?” तो पट्टीकडे बघत राहिला. क्रियापदाचा ‘एस’ आणि अनेकवचनाचा ‘एस’ हे नात्यातलेही नाहीत, दिसायला सारखे एवढंच, हे त्याला फळ्यावर लिहून सांगितलं. “मग वेगळं अक्षर ठेवायला काय झालं होतं,” असं म्हणून त्यानं पट्ट्या पुन्हा पसरल्या आणि या वेळी सुरुवातीपासून वाचत लावल्या. युक्तीनं चालणारी मुलं वर्गात सगळ्यात हुशार असतात, आणि त्यांच्यासाठीच एखादी पट्टी वाकडी लिहावी लागते.

जरी-तरीचं दुखणं वेगळं. ते मराठीतूनच येतं. आपल्याकडे जर म्हटलं की तर येतो, जेव्हामागं तेव्हा, जो त्यामागं तो. जरी एकटा सोडवत नाही, तरी आल्याशिवाय वाक्याला ठाव लागत नाही. इंग्रजीत ‘ऑलदो’नं सुरुवात केली की पुढं ‘बट’ चालत नाही, एकट्या ‘ऑलदो’वर काम भागतं. हे नियम म्हणून फळ्यावर लिहिलं तर वहीत उतरतं आणि वहीतच राहतं. म्हणून ‘ऑलदो ही वॉज टायर्ड,’ या पट्टीसमोर मी दोन शेपट्या ठेवते, ‘ही केम टु स्कूल’ आणि ‘बट ही केम टु स्कूल’. बारा महिने, तेरा काळ, पहिल्या दिवशी सगळे ‘बट’ उचलतात. ‘बट’वाली शेपटी कुठल्या डोक्याला बसेल ते शोधा, म्हटलं की मात्र गंमत होते. ‘ऑलदो’ नसलेली, साधी ‘ही वॉज टायर्ड,’ अशी पट्टीही मी ढिगात टाकलेली असते. ती सापडली की ‘बट’ तिच्याकडे जातो, ‘ऑलदो’ मोकळा होतो आणि आपल्या खऱ्या जोडीदाराकडे सरकतो. एकाचं लग्न लागल्यावर दुसऱ्याचं आपोआप जमतं. नियम सांगावा लागत नाही.

चहाचं वाक्य टपरीवाल्या पोराच्याच मानानं घेतलेलं. ‘द टी इज टू हॉट’ आणि ‘द टी इज सो हॉट’ या दोन सुरुवाती. समोर चार शेवट. ‘टु ड्रिंक’, ‘टु ड्रिंक इट’, ‘दॅट आय कान्ट ड्रिंक’, ‘दॅट आय कान्ट ड्रिंक इट’. बोर्डाच्या पेपरात हे रूपांतर वर्षानुवर्षं येतंय, ‘टू’ काढा, ‘सो दॅट’ घाला. सगळ्यांचं लक्ष ‘सो’ आणि ‘दॅट’वर असतं आणि शेवटचा ‘इट’ कुणाच्या खिजगणतीत नसतो. पहिल्यात ‘इट’ घातलं की वाक्य बिघडतं, दुसऱ्यात नाही घातलं की लंगडं होतं. कारण दुसऱ्यात ‘आय’ हा नवा कर्ता आलाय, त्याचं स्वतःचं वाक्य सुरू झालंय, तो काय पीत नाही हे त्याला सांगावंच लागतं. पहिल्यात अजून चहाचंच राज्य चालू असतं. पोरानं दोन्ही वाक्यं बरोबर लावली. का म्हणून विचारलं तर म्हणाला, “कानाला तसंच वाटतंय.” एक्स्चेंजमधल्या आम्हीही हेच सांगितलं असतं. परीक्षेत ‘का’ला गुण नसतात, तेव्हा मी पुढं खोदलं नाही.

पण ‘इफ’च्या पट्ट्यांनी जो वाद झाला तसा कशानंच झाला नाही. ‘इफ’ची वाक्यं तीन तऱ्हेची. खरोखर होऊ शकेल त्याला ‘विल’, नुसतं कल्पनेतलं असेल त्याला भूतकाळ आणि ‘वुड’, होऊन गेलेल्याची हळहळ असेल त्याला ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’. वॉचमन काकांच्या बाकावर ‘इफ आय हॅड अ हाउस इन मुंबई,’ अशी पट्टी पडली. ‘ब’ गटात ‘आय विल ब्रिंग माय मदर हिअर’ आणि ‘आय वुड ब्रिंग माय मदर हिअर’. काकांनी ‘विल’ लावलं.

मी ‘वुड’ची पट्टी पुढं सरकवली. त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली.

“वुड म्हणजे घर नाही आणि मिळणारही नाही, असंच ना बाई?”

“तसंच काहीसं.”

“मग ते मी कशाला म्हणू? फॉर्म भरलाय. वडील मिलमध्ये होते, ब्याऐंशीच्या संपात गेली नोकरी. वारस म्हणून म्हाडात माझं नाव आहे. आज ना उद्या लागेल. विलच बरोबर.”

वर्गातली अर्धी माणसं गिरणगावातली. कुणाचा बाप, कुणाचा आजा १९८२ च्या संपात बाहेर पडलेला आणि परत आत न गेलेला. गिरणी कामगारांच्या घरांचा विषय निघाला की इंग्रजी मागं पडतं. कुणाचं नाव लागलं, कुणाची कागदपत्रं अडली, कुणाला घर मिळालं पण तिकडं लांब, असं बराच वेळ चाललं. मी थांबवलं नाही. शेवटी एक कोरी पट्टी घेऊन त्यावर लिहिलं, ‘इफ आय गेट अ हाउस इन मुंबई,’ आणि काकांच्या पुढं ठेवली. त्यांनी वाचली, ‘गेट’वर बोट ठेवलं, मग ‘विल’ची पट्टी उचलून तिच्याशी नीट टोकाला टोक लावून ठेवली.

“मग ही हॅडवाली कोणासाठी?” मागून कुरिअरवाल्यानं विचारलं.

“ज्यांनी फॉर्म भरला नाही त्यांच्यासाठी,” काका म्हणाले.

‘विल’ आणि ‘वुड’मधला फरक यापेक्षा नेमका मला सांगता आला नसता. बोलणारा आपल्या गोष्टीकडे आशेनं बघतोय की नाही, एवढाच तो फरक आहे, आणि तो पट्टीवर छापून येत नाही. एरवी ‘इफ’च्या पट्ट्यांचा एक फायदा असा की त्या उलटही लागतात. ‘आय विल ब्रिंग माय मदर हिअर इफ आय गेट अ हाउस.’ फक्त ‘इफ’ पुढं असला की मध्ये स्वल्पविराम, मागं गेला की नको. आपणही बोलताना ‘येईन की, बोलावलंस तर’ असं उलटं बोलतोच, त्यामुळे हे कुणाला जड गेलं नाही.

आता परीक्षेतल्या हिकमतीबद्दल. चार डोकी, चार शेपट्या असा प्रश्न आला की माझे विद्यार्थी आधी येतात त्या जोड्या लावतात, खोडून टाकतात, आणि उरलेलं उरलेल्याला चिकटवतात. तीन आल्या की चौथी फुकट. यात एक गंमत आहे, अशा प्रश्नात नेमकी एकच जोडी चुकूच शकत नाही. चुकल्या तर निदान दोन चुकणार, कारण एकाची शेपटी दुसऱ्याकडे गेलेली असते. आणि काहीच न वाचता डोळे मिटून लावल्या तरी, जोड्या चार असोत की दहा, सरासरी एक बरोबर येते. चार पट्ट्या लावायच्या चोवीस तऱ्हा आहेत. त्यातल्या नऊ तऱ्हांमध्ये एकही जोडी जुळत नाही, आठांत एक जुळते, सहांत दोन जुळतात आणि एकीत चारही. कुरिअरवाल्या मुलानं हे पट्ट्या खरोखर मांडून, वहीच्या मागच्या पानावर सगळ्या चोवीस तऱ्हा लिहून ताडून बघितलं. त्याला गणितात कधी इतका रस घेताना कुणी पाहिलं नव्हतं, असं गणिताचे सर म्हणाले. थोडक्यात, जोड्यांत मिळालेले गुण बघून कुणाला इंग्रजी किती येतं हे ठरवायला जाऊ नये.

यावर उपाय सापडला तो भाचीकडे. ती नर्स आहे, परदेशी जायचं म्हणून आयईएलटीएसची तयारी करत होती. त्या परीक्षेतही वाचनाच्या भागात अर्धी वाक्यं जुळवायची असतात. पण शेवट सुरुवातींपेक्षा जास्त दिलेले असतात. खोडत खोडत गेलं तरी शेवटी हातात दोन-तीन उरतातच, तेव्हा फुकट काही मिळत नाही. शिवाय सुरुवाती उताऱ्यात जशा येतात त्याच क्रमानं दिलेल्या असतात, म्हणजे उत्तर उताऱ्यात कुठं शोधायचं तेही कळतं. दोन्ही गोष्टी मला पटल्या. क्रमाची युक्ती मी उताऱ्यांना लावली, आणि जादा शेवट पट्ट्यांमध्ये घुसवले.

पहिल्या दिवशी दंगाच झाला. सहा डोकी, नऊ शेपट्या. “बाई, पट्ट्या हरवल्यात.” “बाई, दुसऱ्या बाकावरच्या मिसळल्या.” थोरल्या जावेनं बाकाखाली वाकून शोधून पाहिलं. हरवल्या नाहीत, जादाच आहेत, असं सांगितल्यावर तर त्यांना ती फसवणूक वाटली. पेपरात असं कधी येत नाही, मग आम्हाला का, असा मुद्दा निघाला, आणि तो बिनतोड होता. त्यांना २५ हवे होते, लंडनला जायचं नव्हतं. मी म्हटलं, आजच्या दिवस करून बघा.

करून बघितलं, आणि वेग निम्म्यावर आला. प्रत्येक शेपटी आता दोन-दोनदा वाचली जात होती. एकजण सुरुवात मोठ्यानं वाची, दुसरा एकेक शेवट लावून ऐकवी, तिसरी ‘नाही, कायतरी खटकतंय’ म्हणे. काय खटकतंय ते सांगता येत नसे, पण बोट मात्र बरोबर जागी, ‘ही’ आणि ‘हॅव’च्या मध्ये पडे. पूर्णविराम आणि मोठी अक्षरंही मी त्या दिवशी काढून टाकली होती, कारण काहीजण फक्त टिंब बघून शेवटचा तुकडा ओळखायचे.

सहाही जोड्या लागल्या आणि तीन शेपट्या उरल्या. त्या मी गोळा करायला लागले तर धाकटी जाऊ म्हणाली, “ह्यांचं काय करायचं मग?”

“काही नाही. त्या उगीच होत्या.”

“उगीच कशाला? चांगल्या हायेत की. ह्यांना पण डोकं लावू या.”

आणि त्यांनी लावलं. पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पहिल्यांदाच माझ्या नाही तर त्यांच्या अक्षरात वाक्यं आली, स्पेलिंगच्या भीतीसकट. ‘अनटिल ही पेज मी’ या शेपटीला कुरिअरवाल्यानं ‘आय विल नॉट लीव्ह द ऑफिस’ हे डोकं लावलं. ते कुणासाठी हे त्यानं सांगितलं नाही, पण पैसे अडकलेत हे कळलं. ‘दॅन माय सिस्टर’ला ताईंनी ‘आय स्टिच बेटर’ लावलं आणि बहीण त्याच वर्गात नाही ना हे बघून घेतलं. तिसरी होती ‘बिफोर द वॉटर गोज’. ती सगळ्यांनाच हवी होती. चाळीत ज्या वेळी पाणी येतं आणि जातं, त्या वेळेवर या माणसांचा अख्खा दिवस बेतलेला असतो. धाकटीनं ती आधी पकडली आणि बराच वेळ घेऊन लिहिलं, ‘आय मस्ट रीच होम’. ‘रीच’ला ‘टु’ लावू का, विचारलं. नको म्हटलं.

आय मस्ट रीच होम बिफोर द वॉटर गोज. तिनं ते दोनदा वाचलं आणि मग ‘गोज’वर अडली.

“बाई, गोज कसं? एस एकट्याला लागतो ना?”

“पाणी एकच.”

“एक कसं? चार हंडे, दोन बादल्या भरतात.”

“हंडे चार. पाणी मोजत नाहीत.”

“आमच्याकडं येऊन बघा,” थोरली म्हणाली, “मोजत्यात का नाही ते.”